मोडलेला खुबा, निघालेला रॉड आणि नवा सांधा

 

आज खुब्याविषयी बोलायचं आहे. खुबा मोडला तर ऑपरेशन करतात आणि रॉड किंवा स्क्रू बसवतात, हे आता आपल्याकडे बहुतेकांना माहीत आहे. पण ऑपरेशन होऊन चार-सहा महिने गेले आणि तरीही पाय टेकवत नाही, तर पुढे काय? डॉक्टर एक्स-रे बघून सांगतात, "हाड जुळलं नाही, आता सांधा बदलावा लागेल." मग घरात बैठक बसते. पैसा कुठून आणायचा, हा पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न असा की सांधा कोणता घ्यायचा, इकडचा की फॉरेनचा, साधा की भारीतला? आमचं म्हणणं एवढंच आहे की हा दुसरा प्रश्न फार लवकर विचारला जातो. त्याच्या आधी डॉक्टरांना विचारायला हवं की पहिलं ऑपरेशन का फसलं. त्याचं उत्तर मिळालं की कोणता सांधा लागणार, हे अर्धंअधिक ठरूनच जातं.

आधी सांधा समजून घेऊ. मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाला एक गोळा असतो. तो कमरेच्या हाडातल्या वाटीत फिरतो. शाळेच्या पुस्तकात याला उखळीचा सांधा म्हणतात. गोळ्याच्या खाली हाडाची मान आणि मानेच्या खाली मांडीच्या हाडाचा जाड भाग. म्हातारी बाई अंगणात घसरून पडली तर हाड बहुधा यातल्या एका जागी मोडतं, मानेत किंवा मानेच्या खाली.

या दोन जागांमध्ये मोठा फरक आहे. गोळ्याला रक्त पुरवणाऱ्या बारीक नळ्या मानेवरून वर जातात. मान मोडली की त्या नळ्याही तुटतात. डॉक्टरांनी तीन स्क्रू अगदी नीट बसवले तरी गोळ्याला रक्तच मिळालं नाही तर हाड जुळत नाही, किंवा जुळूनही गोळा आतून सुकतो आणि ढासळतो. हे व्हायला कधी वर्ष-दोन वर्षंही लागतात. म्हणून पहिले सहा महिने चांगली चालणारी बाई नंतर लंगडायला लागते. मानेच्या खालचं हाड मोडलं तर रक्ताची अडचण नसते, पण तिथे वजनाचा ताण मोठा असतो. हाड ठिसूळ असेल, किंवा स्क्रू गोळ्याच्या मधोमध न बसता वर-कडेला बसला असेल, तर तो हाड कापत बाहेर येतो. कधी रॉडच तुटतो.

इथे थोडं थांबून एक बोलायचं आहे. "म्हातारी ऐकत नव्हती, उठून चालली, म्हणून रॉड निघाला." हे वाक्य आम्ही किती घरांत ऐकलं असेल! सून म्हणते, मुलगा म्हणतो, आणि शेवटी आजी स्वतःच म्हणायला लागते. आजकाल खुब्यात रॉड घालतात तो म्हातारं माणूस लवकर उभं राहावं म्हणूनच. सत्तरीच्या बाईला एका पायावर तोलून "थोडंच वजन टाक" असं सांगून ते जमतही नाही. हाडाचा ठिसूळपणा, मोडण्याची तऱ्हा, स्क्रूची जागा, जंतू, अशी फसण्याची कारणं पुष्कळ असतात. सगळा दोष तिच्या चालण्यावर टाकला की पुढचं औषधपाणी थांबतं. तिला कोपऱ्यात खाट मिळते. मग पाठीला जखमा होतात, छातीत कफ साचतो, आणि मोडलेल्या खुब्याने गेली नसती ती बाई पडून राहून जाते. आजीला बोल लावणं बंद केलंत तर निम्मं काम झालं, असं आम्हाला वाटतं.

आता कारण शोधायचं कसं? सर्वांत आधी एक गोष्ट पक्की करून घ्यायची, आत जंतू आहेत का. जखम झिरपत असेल, ताप येत असेल, निजल्या जागीही ठणकत असेल तर संशय घ्यायचाच. पण कधी यातलं काहीच दिसत नाही आणि आत पू असतो. त्यासाठी रक्ताच्या दोन साध्या तपासण्या असतात, ईएसआर आणि सीआरपी. त्या वाढलेल्या आल्या तर सुईने सांध्यातलं पाणी काढून तपासतात. हे पाणी काढायच्या आधी साधारण दोन आठवडे अँटिबायोटिक बंद ठेवावं लागतं, नाहीतर जंतू असूनही सापडत नाहीत. म्हणून कोणत्या दवाखान्यातून कोणत्या गोळ्या चालू आहेत हे डॉक्टरांना सांगा, आणि गोळ्या त्यांच्या सांगण्यावरूनच थांबवा.

जंतू निघाले तर नवा सांधा लगेच बसवत नाहीत. आधी जुनं सामान काढून, सगळं धुऊन, औषध मिसळलेला सिमेंटचा तात्पुरता गोळा ठेवतात. काही आठवडे, कधी महिने औषध चालतं. रक्त स्वच्छ आलं की मग खरा सांधा. म्हणजे दोन ऑपरेशनं. घरच्यांना वाटतं डॉक्टर पैशासाठी लांबवताहेत. पण जंतूंवर बसवलेला भारीतला भारी सांधासुद्धा टिकत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे वय. बाई तरुण असेल, तिशी-चाळिशीची, मोटारसायकलवरून पडलेली, आणि फक्त मान जुळली नसेल, गोळा मात्र जिवंत असेल, तर सांधा न बदलता हाडाचा कोन बदलून किंवा पायाच्या दुसऱ्या हाडाचा तुकडा लावून स्वतःचा गोळा वाचवण्याची ऑपरेशनं आहेत. कोणताही कृत्रिम सांधा कधी ना कधी झिजतो, आणि तिच्यापुढे तर सगळं आयुष्य पडलेलं आहे. "माझा गोळा वाचेल का?" हे तिने सरळ विचारावं. वाचणार नसेल तर डॉक्टर का ते सांगतील.

आता सांधा बदलायचाच ठरला, तर अर्धा की पूर्ण? अर्ध्यामध्ये फक्त गोळा बदलतात, वाटी आपलीच राहते. बायपोलर म्हणतात तो याच जातीचा, त्यात गोळ्यावर आणखी एक फिरणारी टोपी असते. ऑपरेशन लहान, रक्त कमी जातं. पंच्याऐंशीची आजी, घरातल्या घरात चालणारी, तिला तो पुरतो. पण रॉड फसलेल्या पायात एक गोष्ट बघावी लागते. बाहेर आलेल्या स्क्रूच्या टोकाने वाटी खरवडली आहे का? खरवडलेल्या वाटीत नुसता गोळा बसवला तर तो घासतो आणि दुखणं तसंच राहतं. अशा वेळी वाटीसकट पूर्ण सांधा लागतो. ज्या बाईला अजून शेतावर, बाजाराला जायचं आहे, तिलाही बहुधा पूर्णच.

मग येते मांडीच्या हाडात जाणारी दांडी. इथे फसलेल्या ऑपरेशनची खरी गोम आहे. जुना रॉड आणि स्क्रू काढले की हाडात भोकं उरतात. बांबूला भोक पाडलं की वजन आल्यावर तो तिथेच तडकतो, तसंच हाडाचं. म्हणून नवी दांडी शेवटच्या भोकाच्या बरीच खाली, साधारण हाडाच्या रुंदीच्या दुप्पट अंतरापर्यंत जायला हवी. यासाठी कधी नेहमीपेक्षा लांब दांडी लागते. वरचं हाड झिजून गेलं असेल तर ती जागा भरून काढणारी खास दांडी लागते, नाहीतर पाय आखूड होतो. "दांडी भोकांच्या खाली जाईल ना?" एवढं विचारलंत तरी डॉक्टरांना कळेल की समोरची माणसं विचार करून आली आहेत.

दांडी सिमेंटने बसवायची की बिनसिमेंटची? हे सिमेंट घर बांधायचं नव्हे, बरं का. दात बनवायला जे ॲक्रिलिक वापरतात त्या जातीचं ते असतं. इंग्लंडमधल्या जॉन चार्नली नावाच्या डॉक्टरांनी 1960च्या सुमारास ते वापरून, धातूचा छोटा गोळा आणि प्लास्टिकची वाटी घेऊन आजच्या खुब्याच्या सांध्याचा पाया घातला. ठिसूळ, पोकळ हाडात सिमेंटची पकड लगेच बसते आणि आजी दुसऱ्या दिवशी उभी राहू शकते. पण जुन्या भोकांतून सिमेंट बाहेर येतं, ती भोकं आधी बुजवावी लागतात. शिवाय सिमेंट भरताना कमजोर हृदयाच्या माणसाचा रक्तदाब एकदम उतरू शकतो. बिनसिमेंटच्या दांडीवर हाड स्वतः वाढून चिकटतं, त्याला हाड बरं असावं लागतं. म्हणजे सिमेंटचा तो गरिबाचा आणि बिनसिमेंटचा तो श्रीमंताचा, हे खरं नाही. ते हाडावर ठरतं.

गोळा आणि वाटी कशाची, यावर दुकानदारी फार चालते. सत्तरीच्या बाईला धातूचा गोळा आणि चांगल्या प्रतीची प्लास्टिकची वाटी पुरेशी असते. तरुण बाईला सिरॅमिकचा गोळा घ्यावा, तो कमी झिजतो. गोळा धातूचा आणि वाटीही धातूची, असा मोठ्या गोळ्याचा प्रकार मात्र कोणी सुचवला तर स्पष्ट नाही म्हणा.

त्यामागे एक खरी गोष्ट आहे, आणि ती आपल्या देशातली आहे. जॉन्सन अँड जॉन्सन या कंपनीच्या डीप्यू शाखेचा एएसआर नावाचा धातूवर धातू फिरणारा सांधा होता. तेव्हा तो नवा आणि आधुनिक म्हणून खपत होता. तो झिजला की कोबाल्ट आणि क्रोमियमचे कण रक्तात उतरत, आजूबाजूचं मांस खराब होई आणि सांधा पुन्हा बदलावा लागे. ऑगस्ट 2010मध्ये कंपनीने तो जगभरातून परत घेतला. तोवर भारतात सुमारे 4,700 जणांना तो बसला होता, त्यांत मुंबईचेही रुग्ण होते. केंद्र सरकारने 2017मध्ये समिती नेमली. समितीने किमान 20 लाख रुपये भरपाईची शिफारस केली. पण मैत्रिणींनो, ज्यांना सांधे बसवले त्यांतल्या फार मोठ्या संख्येच्या लोकांचा पत्ताच लागला नाही. कोणाच्या खुब्यात काय आहे याची धड नोंद नव्हती. भरपाई मिळणं तर दूरच, आपल्या पायात तोच सांधा आहे हे कित्येकांना कळलंही नसेल.

म्हणून स्टिकर. प्रत्येक सांध्याच्या खोक्यात चिकटपट्ट्या येतात. त्यांवर कंपनी, माप, नंबर आणि बॅच छापलेली असते. एक पट्टी दवाखान्याच्या फायलीत लावतात. दुसरी आपल्या डिस्चार्ज कार्डावर लावून घ्यायची. तिचा मोबाईलवर फोटो काढायचा आणि तो मुलाच्या, मुलीच्या, आशाताईच्या, असा दोन-तीन फोनमध्ये ठेवायचा. पावसात घर गळतं, कागद भिजतात.

हेच पहिल्या ऑपरेशनच्या कागदांचं. दिवाळीनंतर आपली माणसं वीटभट्टीवर, बांधकामावर भिवंडी-वसईकडे जातात. तिकडेच पडणं होतं, तिकडेच ऑपरेशन होतं, आणि कागद तिथल्या झोपडीत राहतात. नव्या डॉक्टरांना मात्र आत कोणत्या जातीचा रॉड आहे हे कळलं तर तो काढायची नेमकी हत्यारं आधी मागवता येतात. नाहीतर टेबलावर घेतल्यावर स्क्रूला पान्हा बसत नाही. एका बाईच्या बाबतीत आमच्या समोर हे झालं. दीड तास नुसता एक स्क्रू काढण्यात गेला आणि रक्ताच्या दोन पिशव्या जास्त लागल्या. जुन्या दवाखान्याकडे कागद मागायला लाजू नका. डॉक्टरांसाठीच्या 2002च्या नियमांनुसार भरती रुग्णाचे कागद तीन वर्षं सांभाळायचे असतात आणि मागितल्यावर 72 तासांत द्यायचे असतात. अर्ज लेखी करा आणि एका प्रतीवर सही-शिक्का घ्या.

आता आमच्या मते सगळ्यात महत्त्वाचं, आणि डॉक्टर सहसा न विचारणारं. ती बाई जगते कशी? शहरातल्या बाईला खुर्ची, पलंग, कमोड असतो. आपल्याकडे चुलीपुढे उकिडवं बसायचं, जमिनीवर निजायचं, झाडीत बसायला जायचं, चैत्र-वैशाखात उतारावरच्या विहिरीवरून हंडा आणायचा, आषाढात चिखलात वाकून आवणी करायची. कृत्रिम सांधा खोल वाकवून गुडघा आत वळवला की गोळा वाटीतून निसटू शकतो. फसलेल्या ऑपरेशननंतर तर तिथले स्नायू दोनदा कापलेले असतात, म्हणून निसटण्याची भीती पहिल्यांदा सांधा बदलणाऱ्यापेक्षा जास्त. गोळा मोठ्या मापाचा असेल, 28 मिलिमीटरऐवजी 32 किंवा 36चा, तर तो कमी निसटतो. दुहेरी फिरणारी वाटी म्हणूनही एक प्रकार आहे, गोळ्यात गोळा. तो फ्रान्समध्ये 1970च्या दशकात निघाला आणि अशाच निसटण्याच्या भीतीसाठी वापरतात. तो सगळीकडे मिळेलच असं नाही. पण "आमची आई उकिडवी बसते, घरी कमोड नाही, घर टेकडीवर आहे" हे तुम्ही तोंडाने सांगितलं नाही तर डॉक्टरांना कळायचं कसं?

यावर कोणी विचारेल, उकिडवं बसता येणारच नसेल तर सांधा कशाला? एक जुनी रीत अशीही आहे की गोळा काढून टाकायचा आणि जागा तशीच ठेवायची. दुखणं कमी होतं, मांडी घालून बसताही येतं. पण पाय काही सेंटीमीटर आखूड होतो आणि काठी सुटत नाही. जंतू जातच नसतील, किंवा मोठं ऑपरेशन झेपणार नसेल, तर हा मार्ग शहाणपणाचा आहे. फक्त "तुम्हाला कुठे एवढं चालायचंय" म्हणून तो कोणी गळ्यात मारत असेल तर मान हलवू नका. जिला रोज उतार चढायचा आहे तिचं चालणं कोणाहून कमी महत्त्वाचं नाही.

आणखी एक, खास आपल्या भागासाठी. घरात कोणाला सिकलसेल असेल तर तपासणीचं कार्ड बरोबर न्या. सिकलसेलमध्ये गोळ्याचं रक्त आपोआपही बंद पडतं, जंतूंची भीती जास्त असते, आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांना हे आधी कळलंच पाहिजे. अंगात रक्त कमी असेल तर ते आधी भरून घ्यायचं.

पैशाचं बोलू. गुडघ्याच्या सांध्यांच्या किमतीवर सरकारने ऑगस्ट 2017मध्ये कमाल मर्यादा घातली, खुब्याच्या सांध्यांना तेव्हा ती लागू झाली नाही. म्हणून खुब्याच्या सांध्याचा भाव एका ठिकाणी एक, दुसरीकडे दुसरा ऐकू येतो. आपल्या बहुतेक बायांसाठी रस्ता आहे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा. 2012मध्ये राजीव गांधी जीवनदायी योजना म्हणून सुरू झाली ती हीच. आता कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार तिच्यात बसतात. योजनेतल्या दवाखान्यात दाराशीच आरोग्यमित्राचं टेबल असतं. भरती होण्याआधी त्याला विचारा की ही शस्त्रक्रिया या दवाखान्यात योजनेतून होते का, लांब दांडीचा सांधा लागला तर तोही त्यातच बसतो का, आणि मंजुरी यायला किती दिवस लागतील. सांध्याची किंमत पॅकेजमध्येच धरलेली असते. "हा साधा योजनेतला, वर इतके भरा म्हणजे चांगला घालतो" असं कोणी म्हणालं तर पैसे देण्याआधी 155388 या नंबरवर फोन लावा. रेशनकार्ड आणि आधार, दोन्हीवर नाव सारखं असू दे. आजीचं माहेरचं नाव एकावर आणि सासरचं दुसऱ्यावर, यात आठवडे जातात.

जायचं कुठे? जव्हारच्या कुटीर रुग्णालयात किंवा मोखाड्याच्या ग्रामीण रुग्णालयात एक्स-रे आणि रक्त तपासून चिठ्ठी घ्या. फसलेल्या खुब्याचं ऑपरेशन मात्र जिथे असे सांधे नेहमी बदलतात तिथेच व्हावं. मोखाड्याकडून त्र्यंबकवरून नाशिक, खोडाळ्याकडून कसाऱ्याला उतरून रेल्वेने मुंबई. "अशी रॉड काढून सांधा बदलायची ऑपरेशनं तुम्ही करता का?" हे विचारण्यात अपमान काही नाही. एसटीत 2023पासून बायांना अर्धं तिकीट आहे, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना तिकीटच नाही, तेव्हा ऑपरेशननंतरच्या तपासणीच्या फेऱ्या चुकवू नका.

आणि खुबा एकदा साध्या पडण्याने मोडला म्हणजे हाडं ठिसूळ झालीत, दुसऱ्या बाजूचाही मोडू शकतो. नागलीच्या शंभर ग्रॅम पिठात साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. भाकरी चालू ठेवाच, पण तेवढ्याने भागत नाही. ठिसूळपणाचं औषध डॉक्टरांकडे स्वतःहून मागा.

आजी घरी यायच्या आधी दोन कामं करून ठेवा. गुडघ्याच्या उंचीपेक्षा थोडी वर येईल अशी खाट, विटा लावून उंच केली तरी चालेल. आणि एक जुनी मजबूत प्लास्टिकची खुर्ची घेऊन तिच्या बैठकीला मधोमध भोक पाडा, कडा घासून गुळगुळीत करा, खाली घमेलं ठेवा. पहिले तीन महिने तरी ती यावरच बसेल. झाडीत जायचा हट्ट धरेल, तेव्हा खुर्ची घराच्या मागे, आडोसा बांधून ठेवा, म्हणजे तिला लाज वाटणार नाही.